दाराबाहेरची उशी

सोमवार, १ एप्रिल २०२४

आज सकाळी परळीस सुखरूप पोहोचलो. स्थानकाबाहेर हनुमान नावाचा रखवालदार माझ्या नावाची पुठ्ठ्याची पाटी घेऊन उभा होता. पाटीवर ‘बद्रिनाथ चौसाळकर’ असे लिहिले होते. ‘द्री’ दीर्घ हवी, हे मी त्यास तेथेच सांगितले. त्याने पाटी उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाला, ‘पाटी बारकी व्हती सर, दीर्घ बसंना गेली.’ मला हसू आले. प्रारंभ चांगला झाला असे मी समजतो.

निवांत वृद्धशुश्रूषा सदन अंबाजोगाईच्या रस्त्यास, वस्तीपासून थोडे दूर आहे. फलकावर अर्थातच ‘सुश्रुषा’ असे रंगवलेले आहे. ते दुरुस्त करवून घेतल्याविना मी येथून जाणार नाही. इमारत एकमजली, लांबट. मधोमध पडवी, दोन्ही अंगांस खोल्या. समोरच्या अंगणात मोठा लिंब. वीजकेंद्राची राख येथवर येते; खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवले की करडे होते. तरी हवा मोकळी आहे आणि जागा शांत आहे.

संचालक विजयसिंह यांनी अगत्याने स्वागत केले. अग्निशमन सेवेतून निवृत्त झालेला, मराठीतून शिकवणारा प्रशिक्षक त्यांस हवा होता, कारण येथील कर्मचाऱ्यांना इंग्रजी पुस्तिका कळत नाहीत. पंधरवडाभर येथेच राहून मी सर्वांस तयार करावे, असे ठरले आहे. येथे राहणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक वृद्ध अंथरुणाला खिळलेले आहेत. आग लागल्यास ते पळू शकणार नाहीत. त्यांचे प्राण पूर्णतः या चार-सहा माणसांच्या हाती आहेत. म्हणून हे काम मी केवळ मानधनासाठी घेतलेले नाही.

मला पडवीच्या पश्चिम टोकाची खोली दिली आहे. खाट, टेबल, पंखा, स्वच्छ चादर, फुगीर कापसाची उशी. येथील दारे बाहेरच्या बाजूस, पडवीत उघडतात. आतून नुसते ढकलले की माणूस बाहेर! बांधणाऱ्याने नकळत का होईना, फार शहाणपणाचे काम केले आहे.

सायंकाळी दिवेलागणीला एक प्रकार पाहिला. नीलाबाई नावाची वयस्कर सेविका माझ्या समोरच्या बंद खोलीपाशी आली, तिने कडी काढून दार सताड उघडले आणि आत पाहून कोणास तरी हाक मारली. मग थोडा वेळ बाजूला उभी राहिली, एखाद्यास वाट द्यावी तशी. नंतर दार लोटून निघून गेली. आत कोण राहते, हे उद्या विचारीन.

मंगळवार, २ एप्रिल

सकाळी संपूर्ण पाहणी केली. दोष पुढीलप्रमाणे आढळले. प्रत्येक खोलीच्या दारास बाहेरून कडी आहे. विसरभोळे वृद्ध रस्त्यावर जातात म्हणून ती लावून ठेवतात, असे सांगण्यात आले. खिडक्यांना पक्क्या जाळ्या आहेत. पडवीतील मोठ्या कूलरची वायर जागोजागी उघडी पडली असून तिच्यावर चिकटपट्टी गुंडाळली आहे. विजयसिंहांना मी या तिन्ही गोष्टी तत्काळ बदलण्यास सांगितले. कड्या त्यांनी दुपारीच काढविल्या. जाळ्या उघडत्या करण्यासाठी वेल्डर बोलावला आहे. तो आधी रहिवाशांच्या खोल्या करील आणि माझी शेवटी, कारण विजयसिंहांच्या शब्दांत, ‘सर तर काय, जाणारच हायेत.’ वायरीसाठी वीजतंत्री सोमवारी येईल. ‘सोमवारी’ हा शब्द येथे फार सैल अर्थाने वापरला जातो, असे हनुमानच्या हसण्यावरून वाटले.

दुपारी पहिला वर्ग घेतला. परिचारिका सुनिता हुशार आहे. परंतु तिची जीभ तिच्या हातांपेक्षा वेगाने चालते. मी फळ्यावर ‘अग्निशामक’ हा शब्द लिहून त्यातील ऱ्हस्व ‘ग्नि’ समजावून सांगत असता तिने विचारले, की आग लागल्यावर आधी ऱ्हस्व-दीर्घ बघायचं का आधी बादली? सगळे खो-खो हसले. मी उत्तर दिले, की जो शब्द नीट लिहीत नाही तो सूचनाही नीट वाचत नाही, आणि आगीत सूचना चुकली की माणूस मरतो. त्यानंतर कोणी हसले नाही. पण कोणी माझ्याकडे पाहिलेही नाही.

त्यानंतर उशीचा नियम शिकवला. हा मी नागपुरात शिकलो आणि आयुष्यभर शिकवत आलो. खोलीतील माणसास बाहेर काढले, की त्याची उशी उचलावी, दार बंद करावे आणि उशी दाराबाहेर जमिनीवर ठेवावी. धुरात पाटी दिसत नाही, खडूची खूण दिसत नाही. पण पायाला लागलेली उशी कळते. उशी बाहेर, म्हणजे खोली रिकामी. ते दार पुन्हा उघडून एक क्षणही वाया घालवू नये. पुढच्या खोलीतील जिवंत माणूस त्या क्षणाची वाट पाहत असतो. नियम सोपा आहे. तो सर्वांच्या ध्यानात राहिला.

गुरुवार, ४ एप्रिल

समोरच्या खोलीचा उलगडा झाला. ती रिकामी आहे.

गेल्या कार्तिकात सदनात आग लागली होती. त्या खोलीत मन्मथप्पा नावाचे वृद्ध राहत; सगळे त्यांस आप्पा म्हणत. परळीत त्यांची भुसार मालाची पेढी होती, मुले परगावी. त्या दिवशी ते कपिलधारच्या यात्रेस निघाले. सर्वांचा निरोप घेऊन गेले. एसटी चुकली म्हणून मागच्या फाटकाने परत आले आणि आपल्या खोलीत जाऊन निजले, हे कोणासच ठाऊक नव्हते. खोली रिकामी समजून कोणीतरी सवयीने बाहेरून कडी लावली. आग लागली तेव्हा सगळ्यांना काढले. ते दार मात्र कोणी उघडले नाही, कारण आप्पा कपिलधारला गेले होते. नंतर उघडले तेव्हा ते दाराला पाठ लावून बसलेले सापडले. दाराच्या फटीतून धूर येऊ नये म्हणून त्यांनी आपली उशी खाली कोंबली होती.

हे सर्व नीलाबाईने सांगितले. तीही आप्पांप्रमाणे लिंगायत आहे. तिची वाक्ये मी जशीच्या तशी टिपतो. ‘आमच्यात अग्नी देत न्हाईत सर. मातीत बसवतेत. आप्पाला आधी अग्नीनं घेतलं, मग जे राह्यलं ते मातीला दिलं. बसवता आलं न्हाई.’ तेव्हापासून ती रोज दिवेलागणीला ते दार उघडून म्हणते, ‘चला आप्पा, भायेर या. समदे आलेत, तुमीच राह्यलात.’ मग वाट देऊन उभी राहते. एक दिवस चुकला, तर आतून खोकल्याचा आवाज येतो, असे तिचे म्हणणे. सुनिता आणि हनुमान यांनीही मान डोलावली.

मृत्यू दुःखद आहे, यात संशय नाही. परंतु त्यातून घ्यायचा धडा कडीचा होता. या लोकांनी हाकेचा घेतला.

शुक्रवार, ५ एप्रिल

ती प्रथा मी आज बंद केली. कारण स्पष्ट आहे. वापरात नसलेल्या खोलीचे दार बंदच असावे. उघडे दार म्हणजे आगीला वाट. शिवाय ऐन प्रसंगी नीलाबाई जिवंत माणसांना सोडून एका रिकाम्या खोलीशी बोलत उभी राहणार असेल, तर तिला प्रशिक्षण देऊन उपयोग काय? विजयसिंहांनी खांदे उडवले. ते म्हणाले, ‘सर्टिफिकेटापुरतं करा सर, लई खोलात जाऊ नका.’ मी खोलात गेलो. त्या दारास कोयंडा बसवून घेतला, स्वतःचे कुलूप लावले आणि किल्ली खिशात ठेवली.

नीलाबाई भांडली नाही. पदर कमरेला खोचत ती इतकेच म्हणाली, की माणसाला आतून उघडता येत नसलं तर भायेरून कुणी तरी उघडावं लागतं. मी तिला सांगितले, की आत माणूस नाही. तिने माझ्याकडे असे पाहिले, जसे मी चुकीच्या उत्तराकडे पाहतो.

शनिवार, ६ एप्रिल

पहिली रंगीत तालीम. खाटेवरील वृद्धाला चादरीसकट खाली उतरवून ओढत नेणे, प्राणवायूचा सिलिंडर बंद करणे, दार लावणे, उशी ठेवणे, शेवटी लिंबाखाली हजेरी. सगळे अपेक्षेपेक्षा बरे चालले होते. सावित्रीबाई म्हणून ऐंशीच्या पुढच्या एक आजी आहेत. त्यांना चादरीवरून ओढताना त्या लहान मुलीसारख्या हसत होत्या, आणखी एक फेरी मारा म्हणत होत्या.

मग सुनिताने घोळ केला. उशी बाहेर ठेवलेल्या एका खोलीचे दार तिने पुन्हा उघडले. का, असे विचारता म्हणाली, की आत कुणीतरी खोकलं. खोली रिकामी होती. मी स्वतः पाहिली. तिच्या त्या एका चुकीपायी शेजारच्या खोलीतील आजोबा तालमीपुरते ‘मेले’ असे मी जाहीर केले आणि सर्वांसमोर तिला खडसावले. तिचे डोळे भरले. मी थांबलो नाही. ढिलाईला दया दाखवली, तर ती दुसऱ्याच्या जिवावर बेतते.

त्यानंतर नियम पुन्हा सांगितला आणि सर्वांकडून एकसुरात म्हणवून घेतला. उशी बाहेर असेल तर दार उघडायचे नाही. आतून आवाज आला तरी उघडायचे नाही. कोणी नावाने हाक मारली तरी उघडायचे नाही. हनुमानने माझ्या आवाजाची हुबेहूब नक्कल करून तो तीनदा म्हटला. सुनिताने शांतपणे एकदाच म्हटला. तिच्या लक्षात राहील, असे दिसते.

सोमवार, ८ एप्रिल

वीजतंत्री आला नाही.

दुपारी सगळे वामकुक्षी घेत असताना पडवीत आलो, तर कुलूपबंद खोलीसमोर उशी पडलेली होती. जुनी, एका अंगाने करपलेली, धुराच्या वासाची. कुलूप जागच्या जागी. किल्ली माझ्या खिशात. हनुमानला बोलावून जाब विचारला. त्याने मुलांची शपथ घेतली. ‘आमी कावून असले धंदे करावेत सर? आमाला रातच्याला हितंच ऱ्हावं लागतंय.’ माझा त्याच्यावर विश्वास नाही. मला घाबरवून घालवण्याचा हा कट आहे, हे शेंबडे पोरही ओळखील.

कटाला उत्तर म्हणून मी ती उशी कामाला लावली. सायंकाळच्या वर्गात अग्निशामक कसा वापरावा, हे दाखवण्यासाठी जळण लागतेच. अंगणातील पत्र्याच्या पिंपात ती टाकली आणि काडी लावली. पिन ओढा, रोख ज्वाळेच्या बुडाशी धरा, दाबा, झाडल्यासारखे फिरवा. प्रत्येकाने करून पाहिले. कापूस वरून विझे आणि आतून पुन्हा धुमसू लागे. पुन्हा विझवावा, पुन्हा धूर. प्रात्यक्षिकासाठी याहून चांगले जळण मिळाले नसते, असे मी म्हणालो. नीलाबाई पहिल्या धुरालाच उठून आत निघून गेली. जाताना तिने तोंडावर पदर धरला होता, धुरासाठी नव्हे.

दिवेलागणीला समोरच्या खोलीतून कसलासा आवाज आला. लाकूड उन्हाने तडकते. एप्रिल आहे.

मंगळवार, ९ एप्रिल

पाडवा. हनुमानने लिंबाचा कोवळा पाला आणि गूळ वाटला. सावित्रीबाईंनी आपल्या वाट्यातला अर्धा पदराच्या गाठीत बांधून ठेवला. कोणासाठी, असे विचारले. त्या म्हणाल्या, आप्पासाठी. मी सांगितले, की आप्पा वारले. त्या हसल्या. ‘मला बी ठावं हाय की. पण ते आता तुमच्या अंगाला राहायला आलेत ना, तुमीच द्या नेऊन.’

त्यांचे वय झाले आहे. स्मृती ठिकाणावर नाही. तो पाला मी घेतला नाही.

बुधवार, १० एप्रिल

उशी परत आली आहे.

पिंपातील राख मी काल स्वतः उपसून टाकली होती. तीच उशी. तोच करपलेला कोपरा, त्यावर अग्निशामकाची पांढरी पूड. कुलूपबंद दारासमोर, मी शिकवले तशी, दाराला समांतर ठेवलेली.

भर दुपार. पडवीत कूलरची घरघर. आणि आत कोणीतरी खोकत होते. म्हाताऱ्या माणसाचा खोकला, कोरडा, मधेच अडणारा. मी किल्ली काढली. ती कुलपाला लावली. मग माझ्या लक्षात आले, की पडवीच्या दुसऱ्या टोकाला सुनिता औषधांचा ट्रे घेऊन उभी आहे आणि माझ्या हाताकडे पाहते आहे.

मी दार उघडले नाही. नियम म्हणजे नियम. तो सांगणाऱ्यालाही लागू असतो.

आतून दाराला पाठ घासल्याचा आवाज झाला. हळूहळू, खालपर्यंत. कोणी बसावे तसा.

सुनिता मागे वळली. ट्रे घेऊन निघून गेली.

गुरुवार, ११ एप्रिल

पहाटे जाग आली ती वासाने. करपलेल्या कापसाचा. माझी उशी उचलून पाहिली. स्वच्छ होती. वास तरीही तिलाच.

उठून दार ढकलले, उघडले नाही. बाहेरून कडी नाही — ती मीच काढविली आहे. दाराला कोणी टेकून बसले की लागतो तसा जडपणा, खालच्या अर्ध्या भागास. मी हनुमानला हाक मारली, त्याला शिव्याही दिल्या. या लेखनात त्या नोंदवण्याचे प्रयोजन नाही. कोंबडा आरवल्यावर दार आपोआप सैल झाले. बाहेर कोणी नव्हते. फरशीवर राख होती, बसल्याची खूण असावी तेवढ्या जागेत.

राख येथे सर्वत्रच असते. वीजकेंद्र जवळ आहे.

विजयसिंहांना सांगितले. ते म्हणाले, दाराला ओल धरली असेल. एप्रिलात!

शुक्रवार, १२ एप्रिल

आज स्वतःहून नीलाबाईकडे गेलो. किल्ली तिच्यापुढे धरली. दिवेलागणीला पूर्वीप्रमाणे दार उघड, हवे ते म्हण, असे सांगितले. मला वाटले, तिला आनंद होईल.

ती भाजी निवडत होती. तिने किल्लीला हात लावला नाही. म्हणाली, ‘आता ते तितं न्हाईत सर. रिकामं दार उघडून काय करता?’

मग कोठे, असे मी विचारले.

तिने खुडलेली मेथी सुपात सारली. मग म्हणाली, की रोज हाक मारणाराकडं माणूस जातो न्हाई तर हाक बंद करणाराकडं. ‘मी हाक मारली असती अजून. पर तुमी त्यांना दुसऱ्यांदा जाळलं. आता त्यांनी माझं कावून ऐकावं?’

मी म्हणालो, ती केवळ उशी होती.

ती म्हणाली, त्यांच्याकडं तेवढीच व्हती.

रात्री मी खोलीत निजलो नाही. कार्यालयात खुर्चीवर बसून राहिलो. पडवीच्या टोकाला खोकला — माझ्या खोलीतून.

शनिवार, १३ एप्रिल, सकाळ

निर्णय झाला. आज शेवटची तालीम घेऊन जातो. पंधरवडा पुरा झालेला नाही; न होवो.

तालीम निर्दोष झाली. हे मी कबूल केलेच पाहिजे. चादरी, सिलिंडर, दारे, उशा — सर्व यथास्थित. सुनिता तर कोठेही अडखळली नाही. तिची मी प्रशंसा केली. तिने ‘धन्यवाद सर’ म्हटले. डोळे माझ्याकडे नव्हते, माझ्या खांद्यामागे होते.

प्रमाणपत्रावर सही केली. वायर आणि माझ्या खोलीची जाळी, ही दोन कामे राहिली आहेत, असे विजयसिंहांना पुन्हा बजावले. त्यांनी ‘सोमवारी’ असे सांगितले. फलकही तसाच आहे. असो.

लिंबाखाली सर्वांचा निरोप घेतला. सावित्रीबाईंनी विचारले, कपिलधारला निघालात का? मी नाही म्हणालो. सामान घेण्यास खोलीत आलो आहे; हनुमान मोटारसायकलवरून फाट्यावर सोडणार आहे —

शनिवार, दुपार

एसटी आली नाही. आली असती तरी मला परतावे लागलेच असते. ही रोजनिशी गादीखाली राहिली होती. दुसऱ्या कोणाच्या हाती पडावी, हे मला मान्य नाही. रिक्षा केली. मागच्या फाटकाने आलो. कोणी पाहिले नाही. पडवीत सगळे निजलेले. कूलर चालू.

माझ्या दाराबाहेर उशी होती. ती उशी नव्हे — माझी, स्वच्छ. मी गेल्यावर सुनिताने नियमाप्रमाणे ठेवली असणार. शिस्त बाणली आहे. मी ती उचलून आत आणली, खाटेवर ठेवली, रोजनिशी काढली, आणि वरील मजकूर लिहून घ्यावा म्हणून टेबलाशी बसलो. पुढची गाडी तासाभराने आहे.

मागच्या फाटकाने आलो — हे वाक्य मी आता लिहिले. हेच वाक्य मी याआधी —

निघतो.

दार उघडत नाही.

खालचा अर्धा भाग जड आहे. वरचा हलतो. बसले आहेत.

खाटेवर उशी नाही. दाराखालच्या फटीतून पांढरे कापड दिसते आहे. बाहेरच्या बाजूने. माझीच.

कूलर थांबला. जळक्या रबराचा वास. ती वायर. मी सांगितले होते, पहिल्याच पाहणीत सांगितले होते —

घंटा वाजली. पळापळ. हनुमान ओरडतो आहे, पहिल्या खोलीपासून. चादरी ओढल्याचा आवाज. बरोबर. असेच. दार लावा. उशी ठेवा. सावित्रीबाई हसत आहेत.

मी हाका मारल्या. मूठ दुखेपर्यंत दार वाजवले. जाळीशी गेलो, ती पक्की आहे. माझी शेवटी होती.

पावले आली. माझ्या दाराशी थांबली. सुनिता. मी तिचे नाव घेतले, स्पष्ट उच्चारात, दोनदा. बाहेर नीलाबाई म्हणाली, आतून सरांचा आवाज येतोय गं. सुनिता म्हणाली, ‘सर गेलते ना सकाळीच. उशी हाय, मावशी. आवाज आला तरी उघडायचं न्हाई. नावानं हाक मारली तरी न्हाई.’

पावले गेली.

एक पान फाडून ‘मी आत आहे’ असे लिहिले, फटीतून बाहेर सारले. उशीने ते परत आत ढकलले. दुसरे सारले. परत. कडेला काजळी.

अंगणात हजेरी चालू आहे. ऐकू येते आहे. एकेक नाव. प्रत्येक नावाला उत्तर. कोणी राहिले नाही. सगळे सुटले — विजयसिंह म्हणत आहेत, हजेरी पुरी —

चांगली झाली. तालीम चांगली —

धूर वरून उतरतो आहे. जमिनीवर बसून लिहितो. दाराला पाठ लावून. पलीकडेही पाठ. लाकडातून ऊब लागते. ते खोकतात. मी खोकतो. कोणाचा कोणता, कळत नाही.

हाक मारून पाहिली. मन्मथप्पा, कृपया बाहेर यावे, सर्व जण आले आहेत. काही नाही. तशी ऐकत नाहीत. तिची हाक तशी नव्हती. तिची —

चला आप्पा, भायेर या

पाठ हलली. उठतायत

चला आप्पा, समदे आलेत, तुमीच रा